खाली जायला डी

आमच्या ताईची बोटं इतक्या वेगानं चालायची की पडद्यावरचा मजकूर तिच्यामागे धापा टाकत यायचा. ऐकीव सांगत नाही. संध्याकाळी काम संपवून, कळफलकावर फडकं टाकून ती घरी जायची, हातपाय धुवायची, चहाचं आधण ठेवायची, आणि इकडे कचेरीत तिच्या पडद्यावर हिरवी अक्षरं अजून उमटतच असायची. पहारेकऱ्यानं एकदा ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. पाहिजे तर त्यालाच विचारा. पत्ता मात्र माझ्याकडे नाही.

बसगाड्यांचा डेपो होता आमचा. ताई तिथे वेळापत्रक करायची आणि मी भोंग्यावरून गाड्या पुकारायचो. आम्हा दोघांमध्ये एक फळ्यांची भिंत. तिच्या बाजूला टेबल, टर्मिनल आणि एक खुर्ची. माझ्या बाजूला माइक, उंच स्टूल आणि आवाराकडची खिडकी. एका फळीतली गाठ केव्हातरी निखळून पडली होती. तिथे रुपयाएवढं भोक झालं होतं, आणि आमचं बहीणभावाचं सगळं दळणवळण त्या भोकातून चालायचं.

मला डेपोत सगळे थापाडे म्हणायचे. इतकं म्हणायचे की एका नव्या कारकुनानं हजेरीपटावर ते माझं आडनाव म्हणून चढवलं. का म्हणायचे, ते माझ्या पुकारण्यावरून कळेल. ‘गाडी क्रमांक सतरा फलाट दोनवर येत आहे’ एवढंच म्हणून मला राहवायचं नाही. मी म्हणायचो, ‘गाडी क्रमांक सतरा, जी काल वेळेवर आली होती, आजही तसा प्रयत्न करणार आहे.’ लोक हसायचे, वरून मला मेमो यायचा.

ताईचा राग मात्र जुना. मी सहा वर्षांचा असताना तिला सांगितलं होतं, की बाबांच्या दौतीत एक बारीक मासा आहे, बोट घातलं की चावतो. तिनं बोट घातलं, दौत कलंडली आणि तिचा नवा फ्रॉक निळा झाला. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. “तुझ्या तोंडचं वाक्य मी आधी दोन दिवस उन्हात वाळवते, मग घरात घेते.”

आता तिच्या एडिटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो होता जुन्या वळणाचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, बस. माऊस नाही, चित्रं नाहीत. सगळा कारभार कळफलकावर. आणि त्या एडिटरचे दोन स्वभाव. एका स्वभावात असला की तुम्ही दाबाल ते अक्षर निमूट लिहून घेणार. दुसऱ्यात असला की प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम. जे दाबलं की एक ओळ खाली, के दाबलं की एक ओळ वर. डी दोनदा दाबलं की ज्या ओळीवर उभे आहात ती ओळ गेली. पी दाबलं की गेलेली ओळ पाहिजे तिथे परत. लिहिण्यातून हुकुमात यायचं तर कोपऱ्यातलं एस्केप. ताई खुर्चीवरून उठताना एडिटर हुकुमाच्या स्वभावात ठेवूनच उठायची, आपण बाहेर पडताना कडी घालतो तसं.

ओळी म्हणजे गाड्या. एक ओळ, एक फेरी. ताईनं डी-डी करून सकाळची एक गाडी उचलली आणि पी करून दुसरीच्या खाली ठेवली, की आवारात त्या दोन गाड्या आपोआप जागा बदलायच्या. मी खिडकीतून पाहिलंय. चालक चहा पिऊन परत यायचे आणि आपली गाडी शोधत फिरायचे.

बरं, हे सोडा. पण पुढची गोष्ट सोडू नका. अकरा वर्षं त्या फळीला कान लावून बसल्यावर मला तिच्या कळफलकाचं एकेक बटण आवाजावरून ओळखू यायला लागलं होतं. एस्केपची स्प्रिंग सैल झालेली, ते खाड्‌ वाजायचं. डी ठाम, ठक. यू-ला तडा गेलेला, त्याचा आवाज चिक्‌. एंटर जड, ढप. तिची एक सवय तर डोळे मिटून सांगता यायची. कुठूनही परत आली की बूड खुर्चीला टेकायच्या आत तिची बोटं फाइल जतन करायची. खाड्‌, टक, टक, ढप. एस्केप, कोलन, डब्ल्यू, एंटर. पडद्याकडे न बघता. म्हणायची, “वीज कधी जाईल सांगता येतं का? आधी जतन, मग बसणं.”

त्या दिवशी नव्या हंगामाचं वेळापत्रक चार वाजता छापखान्यात जायचं होतं. तीन आठवडे ताई त्यावर होती. अकराशे चौऱ्याऐंशी ओळी. कागदावर एकही नाही, कारण प्रिंटरची फीत झिजली होती आणि नव्या फितीचा अर्ज वरच्या मजल्यावर सहीसाठी पडून होता. टेपवर प्रत होती, पण ती जुन्या हंगामाची. नवं जे काही होतं ते त्या एका फाइलमध्ये.

आणि वर नवे व्यवस्थापक. त्यांना आम्ही टायसाहेब म्हणायचो. त्यांचा टाय शर्टाला शिवलेला आहे, दोन्ही एकत्रच धुतात, असं मी त्याच सकाळी ताईला सांगितलं होतं, आणि तिनं जवळजवळ खरं मानलं होतं. पुढं काय झालं ते बघता ही थाप मला महागात पडली. टायसाहेबांना वेळापत्रकाचं काम बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं होतं. त्यांनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं, “बाई, या छपाईत एक जरी चूक निघाली तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीवर बसाल.” त्या खिडकीवर बसणं म्हणजे दिवसभर लोकांच्या विसरलेल्या छत्र्या आणि एकेकट्या चपला मोजणं. ताई आपल्या कामाला लागली. पण त्या दिवशी तिच्या डी-डी-चा आवाज मला जरा जोरात आला.

दुपारी एक वाजता ती डबा खायला गेली. पुलापलीकडच्या सकाळच्या गाड्या तेवढ्या एकदा डोळ्यांखालून घालायच्या राहिल्या होत्या. त्यातल्या पहिल्या ओळीवर थांबून ती उठली.

दहा मिनिटांनी तिच्या खोलीचं दार वाजलं. जोडे करकरले. टायसाहेबच, कारण त्यांना दिसेल ते पुटपुटत वाचायची सवय होती. आत येता येता त्यांनी दारावरची पाटी वाचली. “वेळापत्रक विभाग. परवानगीशिवाय आत येऊ नये.” आणि आत आले. खुर्ची कुरकुरली.

मग ते ओळ वाचू लागले. “सहा पाच, गाडी बारा, पूल, दवाखाना, गिरणी.” “खाली कसं जायचं याच्यात? खाली… डाऊन… डी असणार.”

ठक.

“हललं नाही.”

ठक.

“हां, हललं. जुनं मशीन, दोनदा दाबल्याशिवाय हलत नाही.”

तुमच्या लक्षात आलं ना? डी दोनदा म्हणजे ओळ गेली. पण ओळ गेली की खालच्या सगळ्या एक घर वर सरकतात. बघणाऱ्याला वाटतं आपण खाली निघालो. साहेब आरामात एक ओळ वाचत होते, ठक-ठक करत होते आणि पुढची वाचत होते. वाचलेली प्रत्येक गाडी त्यांच्या बोटाखाली नाहीशी होत होती, आणि ते खूश होते.

मी का ओरडलो नाही? विचारा, बिनधास्त विचारा. त्याच सकाळी मला तिसरा मेमो मिळाला होता. साहेबांशी त्यांनी विचारल्याशिवाय एक शब्द बोललात तर घरी, असं त्यात लिहिलं होतं. म्हणून मी खोकलो. तेरा वेळा खोकलो. पलीकडून आवाज आला, “उद्घोषक, औषध घ्या,” आणि ठक-ठक पुन्हा सुरू. मग मी स्वतःची समजूत घातली. जतन तर केलेलं नाही ना? ताई येईल, तिला सांगेन, ती जतन न करता फाइल बंद करून पुन्हा उघडेल, सगळं जागच्या जागी. तोवर मी निदान ऐकून ठेवतो. आणि मी ऐकलं. मधेच एकवीसची गाडी लागली तेव्हा माइकवर ती पुकारली, आणि परत फळीला कान लावला.

शेवटी साहेब म्हणाले, “आता वर. अप. यू असणार.” चिक्‌. “अरे, एकच ओळ हलली.” चिक्‌. “परत गेली.” चिक्‌, चिक्‌, चिक्‌. “अडकलंय. मशीनच बदलायला पाहिजे.” जोडे करकरत निघून गेले.

त्या जुन्या एडिटरमध्ये यू म्हणजे केलेलं रद्द करणं, पण फक्त एक पाऊल. दुसऱ्यांदा दाबलं की रद्द केलेलं पुन्हा होतं. दाराची कडी काढा-लावा करावी तसं.

ताईची चाहूल लागल्याबरोबर मी भोकाला तोंड लावलं. “ताई! थांब! कशाला हात लावू नकोस! साहेबांनी गाड्या खाल्ल्या!”

“हो, हो,” ताई म्हणाली. “आणि वरून आवार पिऊन टाकलं.”

“ताई, शपथेवर सांगतो…”

“टायसकट की टाय सोडून?”

खाड्‌, टक, टक, ढप.

खुर्ची कुरकुरली. अकरा वर्षांत तिचा कळफलक इतका वेळ गप्प मी कधी ऐकला नव्हता.

“अरे,” भोकातून आवाज आला. अगदी हळू. “पुलापलीकडच्या गाड्या कुठं गेल्या?”

“तेच सांगत होतो.”

“मी जतन केलं.”

“ऐकलं.”

आता दुसरं कुणी असतं तर डोकं धरून बसलं असतं. ताईनं आधी उठून दाराला आतून कडी घातली. मग परत येऊन म्हणाली, “एक गोष्ट चांगली आहे, मी अजून काही पुसलेलं नाही. तू सुरुवातीपासून सांग. मीठमसाला न लावता. एक जरी चमचा जास्त पडला तर मी भोकात बोळा कोंबेन.”

मी सांगितलं. डी खाली जायला, दोनदा दाबावं लागतं, सगळं. ताईनं विचारलं, “ठक किती वाजले मोजलंस?”

“चौऱ्याहत्तर.”

“म्हणजे सदतीस ओळी.” तिनं काहीतरी दाबलं. एडिटर फाइलमध्ये किती ओळी आहेत ते सांगतो. “सकाळी अकराशे चौऱ्याऐंशी होत्या. आता आहेत अकराशे अठ्ठेचाळीस. छत्तीस गेल्या, सदतीस नाही.” आवाज कोरडा झाला. “बघ. इथंसुद्धा एक वाढवलीस. तुला राहवतच नाही.”

“शेवटी त्यांनी यू दाबलं. वर जायला.”

“किती वेळा?”

“पाच.”

मला तिची बोटं टेबलाच्या कडेवर हलकेच वाजताना ऐकू आली. आली, गेली, आली, गेली, आली. पाचव्याला ओळ आलेली. सदतीस गेल्या, एक परत आली. छत्तीस.

“हे तुला बनवता आलं नसतं,” ती म्हणाली.

“बनवायचं असतं तर हत्ती घातला असता.”

“गप्प बस. साहेब वाचताना बोलत होते का?”

“ताई, ते दारावरची पाटीसुद्धा मोठ्यानं वाचून आत आले. सगळ्या ओळी वाचल्या. मी ऐकल्या.”

“आणि लक्षात आहेत?”

“मी गाड्या पुकारून पोट भरतो.”

पण ताई ती ताई. तिनं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला असता तर मलाच काळजी वाटली असती. एडिटरला नऊ कप्पे असतात. शेवटी पुसलेल्या नऊ गोष्टी तो त्यात जपून ठेवतो, सगळ्यात ताजी पहिल्या कप्प्यात. तिनं पहिल्या कप्प्यावर हात टाकला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मला फक्त अवतरणाचं बटण, आकडा आणि पी असं नऊ वेळा ऐकू आलं. मी विचारलं, “काय निघालं?”

“तुला कशाला सांगू? तू सांग. शेवटच्या नऊ ओळी. शेवटून सुरू कर.”

मी डोळे मिटले. “दहा पंचेचाळीस, गाडी अठरा, पूल, शाळा, टेकडी. त्याआधी दहा तीस, गाडी चार, पूल, बाजार, गिरणी. तिथं साहेब म्हणाले, ‘गिरणीला इतक्या गाड्या कशाला.’ त्याआधी दहा वीस, गाडी नऊ, पूल, टपाल कचेरी, दवाखाना…”

सहाव्या ओळीवर पोचलो तेव्हा पलीकडून नुसतं “हं” आलं. नववी सांगून संपवली. थोड्या वेळानं भोकातून तिचा एक डोळा दिसला. तो डोळा माझ्याकडे असा बघत होता, जसा फ्रॉक निळा होण्याच्या आधी बघायचा.

“एक शब्द चुकला नाही,” ताई म्हणाली. “वाजले किती?”

“दोनला दहा कमी.”

“कप्प्यांतून आठ परत बसवते, नववी आधीच परत आलेली आहे. राहिल्या अठ्ठावीस. चारला छापखान्याचा माणूस येतो. पहिल्यापासून सांग, एकेक. मी ‘हं’ म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही.”

तिनं ओ दाबलं, म्हणजे नवी कोरी ओळ उघडली, आणि आम्ही सुरू झालो.

“सहा पाच. गाडी बारा. पूल, दवाखाना, गिरणी.”

“हं.”

“सहा वीस. गाडी सात. पूल, बाजार, पाण्याची टाकी.”

“हं.”

मधूनमधून मला माझ्या गाड्या पुकाराव्या लागत होत्या. त्या दिवशी मी एकही शब्द जास्त घातला नाही. फलाटावरचे लोक वर बघायला लागले, कुणी मेलंबिलं की काय म्हणून. फळी, माइक, फळी, माइक. ताईच्या बोटांना आता चांगलीच धार आली होती. माझं वाक्य संपायच्या आत तिची ओळ संपायची. काही शब्द तर मी बोलायच्या आधीच तिकडे वाजायचे, म्हणजे मीच मागे पडत होतो. हे मात्र खरंच.

“सात पन्नास. गाडी बावीस. पूल, शाळा, धक्का.”

“हं. पुढं.”

मी थांबलो.

“पुढं, अरे.”

पुढची ओळ माझ्याकडे नव्हती. साहेब ती वाचत होते तेव्हा मी माइकवर होतो. एकवीसची गाडी पुकारत होतो, आणि ती पुकारताना, देवाला ठाऊक का, तिच्या चालकाच्या मिशीबद्दल दोन वाक्यं जास्त बोललो होतो. ती दोन वाक्यं बोलत असतानाच पलीकडे साहेबांच्या तोंडून एक गाडी निघून गेली. ठक-ठक तेवढे सुटले नाहीत, ते मला भिंतीच्या थरथरीवरूनही कळतात. पण शब्द गेले.

आता तुम्हाला खरं सांगतो. माझ्या जिभेवर गाडी तयार होती. आठ वाजता, गाडी एकोणतीस, पूल, बाजार, दवाखाना. इतकी सुबक की मीच तिच्यात बसून जाऊन आलो असतो. पुढची ओळ आठ वीसची होती, मध्ये आठची अगदी शोभून दिसली असती. ताई ‘हं’ म्हणाली असती. कुणाला कळलं असतं? कुणालाही नाही. एवढ्या वर्षांत इतकी सोपी थाप मला कधी सुचली नव्हती.

“ताई,” मी म्हणालो, “ही ओळ मला नाही ऐकू आली.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही ऐकली. मी मिशीबद्दल बोलत होतो.”

मला वाटलं, आता बोळा. पण ती इतक्या मऊपणानं बोलली की मी भोकातून बघून खात्री केली, तीच आहे ना.

“बरं. तिथं एक खूण ठेवते. पुढची सांग.”

उरलेल्या सगळ्या ओळी सांगून होईपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली. सत्तावीस ओळी बसल्या होत्या. एका ठिकाणी नुसती खूण होती.

“आता मी बघते,” ताई म्हणाली. “इथून निघालेली गाडी कधी ना कधी परत येतेच. परतीच्या फेऱ्या फाइलमध्ये खाली आहेत, तिकडे साहेब पोचले नव्हते. सकाळी इथून कधी न निघालेली, पण पुलापलीकडून परत येणारी गाडी कोणती, ते शोधायचं.”

“मग छत्तीसच्या छत्तीस तशाच का नाही शोधल्या?”

“परतीच्या ओळीत इथून निघायची वेळ नसते. ती काढायला गाडी किती वेळ धावते, चालक तिकडे किती थांबतो, मागे-पुढे कोण आहे, सगळं बघायला लागतं. एकीचं होतं. छत्तीसचं करायला मला तुझ्या वयाइतका वेळ लागला असता.”

आणि मग मी जे ऐकलं, ते ऐकायला तिकीट लावायला हवं होतं. शोधायचं बटण, गाडीचा आकडा, एंटर. एन दाबून पुढची, एन दाबून त्याच्या पुढची. सापडली, जोडी आहे, सोड. पुढचा आकडा. बटणांचे आवाज एकमेकांत मिसळून नुसती सर येत होती, आणि मधेच तिचं पुटपुटणं. “बाराची जोडी आहे… सातची आहे… बावीस आहे…” फळीवरचं माझं कॅलेंडर हलत होतं.

मग थांबली. “एकतीस.”

“काय एकतीस?”

“गाडी एकतीस. आठ पंचावन्नला पाण्याच्या टाकीवरून परत निघते. इथून गेलीच नाही. टाकीपर्यंत चाळीस मिनिटं, चालकाला दहा मिनिटं विश्रांती. म्हणजे इथून आठ पाचला. मागची सात पन्नास, पुढची आठ वीस, मध्ये आठ पाच. पंधरा-पंधरा मिनिटांचं अंतर.” ठकाठक ओळ बसली. “एकतीस, आठ पाच, पूल, बाजार, पाण्याची टाकी.”

माझी आठची एकोणतीस मी गिळून टाकली. ती अजून पोटात आहे.

तिनं ओळी मोजल्या. अकराशे चौऱ्याऐंशी. मग, त्या दिवशी पहिल्यांदा, आधी वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले आणि मगच वाजवलं. खाड्‌, टक, टक, ढप. मग फ्लॉपीवर एक प्रत काढली, मग आणखी एक. कडी उघडली.

छापखान्याचा माणूस चारला पाच कमी असताना आला. त्याच्या मागोमाग टायसाहेब, हात मागे बांधून. “झालं का वेळापत्रक? मी दुपारी येऊन नजर टाकली होती. छान आहे. फक्त तुमच्या या मशीनमध्ये खाली जायला एकेक बटण दोनदा दाबावं लागतं. म्हणूनच म्हणतो, नवं घ्यायला पाहिजे.”

ताईनं पहिली फ्लॉपी छापखान्याच्या माणसाच्या हातात दिली, तो गेला. दुसरी प्रत तिनं पडद्यावर उघडली, पुलापलीकडच्या पहिल्या ओळीवर आणली आणि उभी राहिली.

“साहेब, बसा ना. कसं दाबलंत ते मला दाखवा.”

साहेब बसले. ठक-ठक. “हे बघा, खाली.”

“खाली गेलात?”

“हो. आता सहा वीसची आली.”

“सहा पाचची कुठं आहे?”

“वर असेल.”

“वर जाऊन बघा.”

चिक्‌. चिक्‌. चिक्‌. चिक्‌. सहा पाच आली, गेली, आली, गेली. मी भोकातून बघत होतो. आधी साहेबांचे कान लाल झाले, मग मान, मग टायच्या गाठीपर्यंत सगळं. त्यांनी बोट बटणावरून असं उचललं, जणू खाली तवा होता.

“मी… किती?”

“सदतीस,” ताई म्हणाली. “पण पाच वेळा यू दाबलंत म्हणून एक वाचली. खाली जायला जे, साहेब. वर जायला के. डी-ला खाली जायचं काही माहीत नाही.”

“मग ही फाइल… आत्ता गेली ती?”

“पूर्ण आहे. अकराशे चौऱ्याऐंशी. आज मी आणि उद्घोषकानं बसवली.”

साहेब भिंतीकडे वळले. मी भोकातून डोळा काढायला उशीर केला. “या थापाड्याच्या सांगण्यावरून? छापायला दिलीत?”

“एका ओळीला तो म्हणाला, मला नाही ऐकू आली,” ताई म्हणाली. “म्हणून बाकीच्या सत्तावीस छापायला दिल्या.”

दुसऱ्या दिवशी वरून कागद आला. ‘वेळापत्रक विभागातील कळफलकास विभागप्रमुख बाईंच्या परवानगीखेरीज कोणीही, खाली सही करणाऱ्यासह, हात लावू नये.’ बाहेरच्या कंपनीचं पुन्हा कुणी काढलं नाही. प्रिंटरची फीत त्याच संध्याकाळी मंजूर झाली. माझा मेमो मात्र तसाच राहिला, वर मिशीच्या दोन वाक्यांसाठी चौथा आला.

नव्या हंगामाच्या पहिल्या सकाळी मी खिडकीत वाट बघत बसलो. आठ पाचला एकतीस बरोबर हलली. मी पुकारलं, “गाडी क्रमांक एकतीस, पूल, बाजार, पाण्याची टाकी.” पुढं काही बोललो नाही. भोकातून आवाज आला, “काय रे, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग चालकाच्या मिशीचं काय झालं?”

“ती सत्ताविसाव्या गाडीवर बदली झाली.”

ताई हसली. मग डबा खायला गेली, परत आली. खुर्ची कुरकुरली, आणि मी सवयीनं कान टवकारले. खाड्‌ आलं नाही. आधी तीन-चार श्वास नुसती शांतता. ती पडद्याकडे बघत होती. मग खाड्‌, टक, टक, ढप.

ती पुढे नोकरीत होती तेवढी वर्षं दर दुपारी ती शांतता यायची. मी तिची वाट बघत बसायचो, गाडी असली तरी पुकारायला अर्धं मिनिट उशीर करायचो. प्रवासी म्हणायचे, गाड्या उशिरा सुटतात. म्हणू दे. उशिराचं कारण मला ठाऊक होतं, आणि सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.